चार दशांश सेकंदांची शिकवणी

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकानं एक सल्ला ऐकलेला असतो: ‘चेंडूवरून नजर हलवू नकोस.’ बाबा देतात, शेजारचे काका देतात, स्वतः पहिल्याच चेंडूवर आउट झालेला दादा तर हमखास देतो. अडचण एवढीच की माणसाच्या डोळ्यांना तो पाळता येत नाही. 1984 साली टेरी बॅहिल आणि टॉम लारिट्झ या दोघांनी बेसबॉल खेळणाऱ्यांचे डोळे आणि मान किती वळते ते मोजलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांची नजर चेंडू 9 फुटांवर असतानाच मागे पडत होती. व्यावसायिक खेळाडूनं तो साडेपाच फुटांपर्यंत धरून ठेवला. पुढे त्याचाही इलाज चालला नाही. चेंडू जवळ येतो तसा तो नजरेसमोरून इतक्या झपाट्यानं सरकतो की डोळा त्या वेगानं फिरूच शकत नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी 2000 साली क्रिकेटच्या फलंदाजांवर हाच प्रयोग केला. त्यांना दिसलं की चांगला फलंदाज चेंडूचा पाठलाग करतच नाही. तो सुटताना पाहतो आणि मग टप्पा पडेल त्या जागी आधीच नजर नेऊन ठेवतो.

म्हणजे फटका मारण्याची विद्या शिकवून पोट भरणाऱ्या माणसाचा सगळ्यांत जुना मंत्रच कुचकामी! तरीही अशी माणसं आहेत. अमेरिकेत कॉलेज सॉफ्टबॉलच्या, म्हणजे बेसबॉलच्या भावंडासारख्या खेळाच्या, मोठ्या संघांत ‘हिटिंग कोच’ असतो. त्याचं काम मुलींना फटके मारायला शिकवणं. मला या नोकरीचं कुतूहल वाटतं, कारण तिच्यात शिकवण्याचा विषय आहे अर्ध्या सेकंदाहून छोटा.

हिशेब करून बघू. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, उभी असते 43 फुटांवर, म्हणजे सुमारे 13 मीटर. बेसबॉलमध्ये हेच अंतर साडेसाठ फूट असतं. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी 105 किलोमीटरनं येतो, काहींचा 110 च्याही पुढे जातो. पुढे झेपावत टाकल्यामुळे तो हातातून सुटतो तोच प्लेटपासून, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीपासून, साडेअकरा मीटरवर. हातात उरतात जेमतेम 0.4 सेकंद. ताशी दीडशे किलोमीटरनं येणारा बेसबॉलही जवळपास तेवढाच वेळ घेतो, तेव्हा ‘सॉफ्ट’ या नावावर जाऊ नये. बॅट फिरायला लागल्यापासून चेंडूला लागेपर्यंत 0.15 सेकंद जातात. उरला पाव सेकंद. तेवढ्यात बघायचं, ओळखायचं आणि मारू की सोडू ते ठरवायचं. बॅट हलू लागते तेव्हा चेंडू अजून सव्वाचार मीटर लांब असतो. अंदाज 10 मिलिसेकंदांनी चुकला, तर तेवढ्यात चेंडू 29 सेंटिमीटर सरकलेला असतो.

या पाव सेकंदात प्रतिक्रियेचा वेग फारसा कामाला येत नाही. 2004 मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरनं अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझा या बेसबॉलच्या नामांकित बॅटरना स्ट्राइकआउट, म्हणजे बाद, केलं. त्यांची नजर कमजोर नव्हती की हात मंद नव्हते. त्यांनी आयुष्यभर खांद्यावरून टाकणारे पिचर पाहिले होते. खांदा कसा उघडला, मनगट कसं वळलं, चेंडू सुटताना बोटं कुठे होती, एवढ्यावरून त्यांना चेंडू कुठे जाणार ते कळायचं. फिंचचा हात खालून गोल फिरून मांडीजवळून सुटायचा. ती लिपीच त्यांनी कधी वाचली नव्हती.

त्या लिपीतलं सगळ्यांत अवघड अक्षर म्हणजे राइजबॉल. बॅटर शपथेवर सांगतात की हा चेंडू वर उसळतो. भौतिकशास्त्र जरा वेगळं सांगतं. चेंडू खालून सुटतो आणि वरच्या दिशेनंच निघतो. उलट्या फिरकीमुळे हवा त्याला वर ढकलते. पण हा जोर सहसा त्याच्या वजनाहून कमी पडतो. 0.4 सेकंदात एरवी चेंडू गुरुत्वाकर्षणामुळे पाऊण मीटरहून जास्त खाली येतो. राइजबॉल तेवढा खाली येत नाही, एवढंच. बॅटरचा मेंदू मात्र नेहमीच्या घसरणीचा हिशेब धरून बसलेला असतो, त्यामुळे न पडलेला चेंडू त्याला चढलेला भासतो आणि बॅट त्याच्या खालून निघून जाते.

मग कोचनं करायचं काय? सोपी वाट म्हणजे पिचिंग मशीन. पण मशीनला खांदा नसतो नि मनगटही नसतं, म्हणजे वाचायची लिपीच गायब. मशीनसमोर फलंदाजाची बॅट उचलण्याची आणि पाऊल टाकण्याची वेळ बदलते, हे क्रिकेटमधल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणून मोठ्या संघांत खरी पिचर समोर उभी करतात किंवा निदान कोच जवळून स्वतः खालून चेंडू टाकतो. दिवसाला शेकडो चेंडू टाकायचे म्हटल्यावर या नोकरीत बॅटरआधी कोचचाच खांदा दुखायला लागत असेल!

त्याहून गमतीचा प्रश्न चेंडूंच्या क्रमाचा आहे. 1994 साली कॅलिफोर्नियात कॉलेजच्या 30 बेसबॉल खेळाडूंवर एक प्रयोग झाला. एका गटानं सहा आठवडे जादा सराव केला तो ठरलेल्या क्रमानं: 15 वेगवान, मग 15 वळणारे, मग 15 हळू. दुसऱ्या गटानं तेच 45 चेंडू मिसळून, पुढचा कुठला ते न सांगता खेळले. तिसऱ्या गटाला जादा सराव नव्हता. शेवटी चेंडूंचा क्रम कुणालाही न सांगता परीक्षा घेतली, तेव्हा ओळीनं खेळणारे सुमारे 25 टक्क्यांनी सुधारले होते, मिसळून खेळणारे 57 टक्क्यांनी आणि उरलेले 6 टक्क्यांनी.

आकडा सुंदर आहे, अमलात आणणं जिवावर येतं. मिसळलेला सराव दिसायला वाईट दिसतो. मुली चुकतात, चिडतात, बॅट हवेतच फिरत राहते. एका ओळीत 15 वेगवान चेंडू टाकले, तर पाचव्यापासून टणाटण आवाज येऊ लागतात, हेड कोच खूश आणि सगळ्यांना वाटतं काय शिकवतोय हा! नव्या कोचला नोकरी टिकवायची असते. दिसणारी प्रगती की होणारी प्रगती, यातली निवड त्याला रोज दुपारी करावी लागते, आणि निवड चुकली हे कळायला पुढचा मोसम उजाडतो.

दुसरा मोह बोलण्याचा. कोपर वर, गुडघा आत, कंबर आधी. हल्ली बॅटच्या मुठीत सेन्सर बसतो आणि प्रत्येक फटक्याचा वेग नि कोन लगेच पडद्यावर येतो, त्यामुळे सांगण्यासारखं तर ढीगभर असतं. रॉब ग्रे यांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजचे तरबेज खेळाडू पडद्यावरच्या आभासी चेंडूला बॅट मारत होते. मधूनच एक आवाज व्हायचा. कधी त्यांनी तो बारीक होता की जाड ते सांगायचं, तर कधी त्या क्षणी आपली बॅट वर जात होती की खाली ते सांगायचं. पहिल्या प्रश्नानं त्यांचं काही बिघडलं नाही, दुसऱ्यानं खेळ ढासळला. नवशिक्यांचं नेमकं उलट झालं. मुरलेलं कौशल्य तुकड्यातुकड्यानं न्याहाळायला लावलं की विस्कटतं. रांगोळी काढताना बोटांकडे बघायला सांगा, रेघ हललीच म्हणून समजा. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलीला जे समजावायचं, ते चौथ्या वर्षाच्या मुलीसमोर गिळून टाकायचं.

या नोकरीपर्यंत पोचण्याची वाट काही राजमार्ग नाही. खेळणं संपलं की पदव्युत्तर शिक्षण घेता घेता ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून राबायचं. नंतर बरेच जण ‘व्हॉलंटियर कोच’ होत. नावाप्रमाणे बिनपगारी. उन्हाळी शिबिरं आणि खासगी शिकवण्या घेऊन घरभाडं भरायचं. 2023 मध्ये कॉलेज खेळांच्या सगळ्यांत वरच्या विभागातलं हे पदच रद्द झालं, आणि चांगलं झालं. संघासोबतच्या तासांनाही मर्यादा आहे: मोसमात आठवड्याला 20, एरवी 8. उरलेला वेळ व्हिडिओ पाहण्यात आणि नव्या मुली शोधत शाळकरी स्पर्धा हिंडण्यात जातो.

या धंद्यातलं आजचं मोठं उदाहरण ओक्लाहोमा विद्यापीठाचं. तिथे 1995 पासून पॅटी गॅसो हेड कोच आहेत आणि हिटिंग सांभाळतो त्यांचा मुलगा जेटी. घरातलीच माणसं, त्यामुळे वाद झाला तर जेवणाच्या टेबलापर्यंत जात असणार. 2021 मध्ये या संघानं एका मोसमात 161 होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि हवाई विद्यापीठाचा 158 चा विक्रम मोडला. त्या वर्षीपासून 2024 पर्यंत त्यांनी लागोपाठ चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

त्या संघातली जॉसलिन अॅलो फेब्रुवारी 2022 मध्ये कारकिर्दीतल्या 95 होमरनच्या विक्रमाशी बरोबरीला आली. मग पिचरनी तिला मारण्याजोगे चेंडू टाकणंच सोडून दिलं. चेंडू बाहेर टाकायचे, तिला फुकटात पहिल्या बेसवर जाऊ द्यायचं. तब्बल तीन आठवडे बहुतेक हेच चाललं. सगळं लक्ष 96 व्या फटक्याकडे लागलेलं असताना दर वेळी त्या पाव सेकंदात ‘नाही’ म्हणायचं आणि बॅट खांद्यावरच ठेवायची. 11 मार्चला संघ होनोलुलूत खेळत होता, अॅलो ज्या बेटावर लहानाची मोठी झाली तिथेच. सहाव्या डावात एक चेंडू अखेर प्लेटवरून आला.