ग्रॅज्युएट स्कूलच्या अर्जात ट्रान्सक्रिप्टवरची क्रेडिट्स कशी भरायची

अमेरिकेत आरोग्यक्षेत्रातल्या बऱ्याच ग्रॅज्युएट अभ्यासक्रमांचे अर्ज सामायिक ऑनलाइन प्रणालीतून जातात. फिजिशियन असिस्टंटसाठी कॅस्पा, फिजिकल थेरपीसाठी पीटीकॅस, सार्वजनिक आरोग्यासाठी सोफास. इथे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची कोर्सनिहाय अधिकृत गुणपत्रिका, पाठवली की काम संपत नाही. तिच्यावरचा एकेक कोर्स तुम्हाला स्वतः भरावा लागतो. काही अभ्यासक्रमांना एवढा तपशील नको असतो, म्हणून आधी अभ्यासक्रमाच्या सूचना वाचा.

भरायला बसण्यापूर्वी प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट समोर हवी. प्रत्येक म्हणजे जिथे उन्हाळी सुट्टीत एकच कोर्स केला, किंवा पदवी न घेता सोडलं, तेही. ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला सहसा ग्रेड आणि क्रेडिटचा (कोर्सचा भार मोजणारा आकडा) खुलासा छापलेला असतो, त्या पानाचीही प्रत काढा. आठवणीवर विसंबून काहीही भरू नका. कोर्सचा कोड, नाव, सत्र, क्रेडिट, ग्रेड सगळं छापलंय तसंच यायला हवं.

सर्वाधिक घोटाळा क्रेडिटच्या आकड्यात होतो. कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेलं) असेल तर तिथली 3 क्रेडिट्स सेमिस्टरच्या 2 क्रेडिट्सएवढी धरतात. म्हणूनच 180 क्वार्टर क्रेडिट्सची पदवी आणि 120 सेमिस्टर क्रेडिट्सची पदवी एकाच तोलाची. हे गणित माहीत असावं, पण भरताना करू नये. कॉलेज नोंदवताना सत्राचा प्रकार ‘क्वार्टर’ असा अचूक निवडा आणि छापलेला आकडा तसाच घाला. रूपांतर प्रणाली करते. आपणही केलं तर क्रेडिट्स दोनदा घटतात.

दुसरी अडचण ट्रान्सफर क्रेडिट्सची. आधीच्या कॉलेजात केलेला कोर्स नंतरच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरही दिसतो. तो जिथे प्रत्यक्ष शिकलात, त्याच कॉलेजखाली एकदाच नोंदवायचा. प्रयोगशाळेला ट्रान्सक्रिप्टवर वेगळी ओळ आणि वेगळी क्रेडिट्स असतील तर ती वेगळी भरा. थिअरीसोबत एकत्र असेल तर फोडू नका.

नापास झालेला कोर्स गाळावासा वाटतो. त्यामागची धास्ती मला कळते. तरीही तो गाळू नका. अधिकृत ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून थेट जाते, तुमच्या नोंदी तिच्याशी ताडून पाहतात आणि राहिलेला कोर्स सापडला की अर्ज दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो. त्यात आठवडे जातात, मुदत मात्र थांबत नाही. नापास कोर्ससमोर ‘मिळालेली’ क्रेडिट्स 0 असतात, पण अर्जात तो कोर्स जितक्या क्रेडिट्सचा होता तितकी लिहायची. पुन्हा दिलेला कोर्स दोन्ही वेळा येतो. मध्येच सोडलेल्या कोर्सचीही नोंद हवी. चालू सत्रातले कोर्स ‘चालू’ म्हणून भरा, अपेक्षित ग्रेड लिहू नका.

अमेरिकेबाहेरच्या पदवीसाठी बहुतेक ठिकाणी मूल्यांकन अहवाल (तुमचं शिक्षण अमेरिकी पद्धतीत मांडणारा) मागतात, आणि तो कोर्सनिहाय हवा असतो. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाची 60 क्रेडिट्स असतात, अमेरिकी सेमिस्टर पद्धतीत साधारण 30. त्यामुळे अर्धे आकडे ट्रान्सक्रिप्टवरून आणि अर्धे अहवालावरून घेतले तर अर्ज बिघडलाच म्हणून समजा. कोणता कागद धरायचा की हे कोर्स भरायचेच नाहीत, हे प्रणालीच्या सूचनांत दिलेलं असतं.

सगळं भरून झाल्यावर प्रत्येक सत्राच्या क्रेडिट्सची बेरीज ट्रान्सक्रिप्टशी जुळवा. फरक दिसला तर आधी नापास झालेले आणि सोडलेले कोर्स तपासा, बहुधा तिथेच सापडतो. अर्ज सादर झाला की भरलेले कोर्स सहसा बदलता येत नाहीत. नंतर लागलेले ग्रेड घालायला काही प्रणाली ठरावीक काळात ‘अकॅडमिक अपडेट’ची सोय उघडतात. त्या तारखा अर्ज करतानाच टिपून ठेवा.