औषधी वनस्पतींचे अर्क आणि कांद्याच्या मुळांवरची परीक्षा

एखाद्या वनस्पतीच्या अर्कामुळे पेशीविभाजनात बिघाड होतो का, हे तपासण्याची एक जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे अर्कात कांद्याची मुळे वाढवणे. ही पद्धत मुळात एका औषधी वनस्पतीमुळेच सुरू झाली. कॉल्चिकमचा कंद सांधेदुखीच्या गाऊट या विकारावर शतकानुशतके दिला जात होता. त्यातले कॉल्चिसीन १८२० मध्ये वेगळे काढण्यात आले, पण ते पेशीत नेमके काय करते हे कळायला आणखी शंभर वर्षे गेली. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर त्याचा परिणाम दाखवला. गुणसूत्रे दुप्पट होत होती, पण तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रांना ओढणारे धागे, बनत नसल्याने ती दोन टोकांकडे ओढली जात नव्हती.

कांदाच का? त्याची गुणसूत्रे सोळाच, आणि ती इतकी मोठी की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. मुळाचे टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर कापायचे, अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लात टिकवायचे, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायचे, रंगवायचे आणि काचपट्टीवर आच्छादन ठेवून अंगठ्याने दाबायचे. मग मोजणी. शंभर पेशींमागे किती विभाजनात आहेत? कुठे दोन टोकांकडे जाणाऱ्या गुणसूत्रांमध्ये पुलासारखा धागा ताणलेला दिसतो, कुठे एखादे मागे रेंगाळले आहे, कुठे मुख्य केंद्रकाबाहेर छोटे केंद्रक उरले आहे? ही मोजणी डोळ्यांचा आणि चिकाटीचा कस पाहते. १९८५ मध्ये गेइरिद फिस्केशो यांनी पर्यावरणातील प्रदूषण तपासण्यासाठी प्रमाणित चाचणी म्हणून ती मांडली. औषधी अर्कांच्या अभ्यासातही ती रुळली.

विभाजन थांबणे हा केवळ दोष नव्हे. सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतात, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अभ्यास केला. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ मध्ये पेशीविभाजन थांबवणारे व्हिनब्लास्टिन हाती आले आणि पुढे ते कर्करोगावरचे औषध झाले. कर्करोगात जो परिणाम हवासा, तोच गर्भवतीला घातक. म्हणून अर्कासोबत त्याची मात्राही तपासावीच लागते.

‘वनस्पतीच आहे, अपाय कसला’ हा समज किती महागात पडतो, हे बेल्जियममध्ये दिसले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत चुकीची वनस्पती, ॲरिस्टोलोकिया, मिसळली गेली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ॲरिस्टोलोकिक आम्ल शरीरात बदलते आणि मग थेट डीएनएला चिकटते.

कॉम्फ्रीसारख्या औषधी वनस्पतींतली काही अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त वनस्पतिज संयुगे) तर यकृतात बदल झाल्यावरच विषारी ठरतात. असे बदल कांद्याच्या मुळात होतीलच असे नाही, त्यामुळे मुळे ठणठणीत वाढली म्हणून अर्क सुरक्षित ठरत नाही. पुढे सस्तन प्राण्यांच्या पेशींत यकृतातली विकरे मिसळून गुणसूत्रे पाहतात, आणि उंदरांच्या अस्थिमज्जेत छोटी केंद्रके मोजतात.