पहिले एअर पिस्तूल निवडताना : नवे नेमबाज आणि त्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

दुकानात पहिले एअर पिस्तूल पाहायला येणारे बहुतेक ग्राहक आधी कंपनी विचारतात आणि मग किंमत. मूठ हाताला कशी बसते, हा प्रश्न आपणहून विचारणारा ग्राहक क्वचितच भेटतो. नव्या नेमबाजाचे सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी होताना आम्ही पाहिले आहे, म्हणून या पत्रकात मुठीविषयी विस्ताराने आणि बाकीच्या गोष्टींविषयी गरजेपुरतेच लिहिले आहे. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळवल्यापासून मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांची चौकशी वाढली आहे. त्यांनी पैसे भरण्याआधी हे पत्रक शांतपणे वाचावे, अशी आमची विनंती आहे.

येथे फक्त १० मीटर प्रकारात वापरल्या जाणाऱ्या, हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारणाऱ्या एअर पिस्तुलाचा विचार केला आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात .२२ इंचाच्या काडतुसाचे पिस्तूल लागते. त्याला शस्त्र परवाना आवश्यक असतो, आणि तो टप्पा एअर पिस्तुलावर हात बसल्यानंतरचा आहे.

मूठ

१० मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. हात हलतो म्हणून दहा लागत नाही, असे नव्या नेमबाजाला वाटते, पण हिशेब वेगळा आहे. संपूर्ण पिस्तूल सरळच्या सरळ एक मिलिमीटर बाजूला सरकले, तर लक्ष्यावरचे छिद्रही एकच मिलिमीटर सरकते आणि दहा तसेच राहतात. मनगट किंचित वळून पुढची साइट (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेली उभी पट्टी) मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दोन साइटमधले अंतर सुमारे ३२ सेंटीमीटर असलेल्या पिस्तुलात छिद्र तब्बल तीन सेंटीमीटर सरकते आणि दहाचा नेम सातावर जातो. साइट दर वेळी खाचेच्या मधोमध आपोआप येण्यासाठी पिस्तूल दर वेळी हातात तसेच्या तसे बसावे लागते, आणि ते काम मूठ करते.

त्यासाठी दुकानातच एक परीक्षा घ्यावी. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून, सुरक्षित दिशेला तोंड करून नेहमीच्या पवित्र्यात उभे राहावे, पिस्तूल हातात बसवावे, डोळे मिटावेत, हात नेमाच्या उंचीवर आणावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट खाचेच्या मधोमध आणि वरच्या कडा एका रेषेत दिसल्या, तर मूठ तुमच्या हाताची आहे. साइट दर वेळी एकाच बाजूला गेलेली दिसत असेल, तर मुठीचा आकार किंवा कोन जुळलेला नाही आणि तुम्ही प्रत्येक नेमाच्या वेळी मनगटाने ती चूक भरून काढणार आहात. पहिल्या दहा नेमांत हे जाणवत नाही. स्पर्धेतले साठ नेम ७५ मिनिटांत मारताना चाळिसाव्या नेमानंतर मनगट थकते आणि तेव्हा गुण गळू लागतात. ही परीक्षा एकदा करून भागत नाही. पिस्तूल खाली ठेवून, पुन्हा उचलून निदान पाच-सहा वेळा करावी.

मूठ धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज टेकले पाहिजे आणि बोटाची बाजू मुठीच्या लाकडाला घासता कामा नये. बोट लाकडाला लागत असेल, तर ट्रिगर सरळ मागे येत नाही आणि बोटाबरोबर सगळे पिस्तूल ढकलले जाते. तळहाताखालचा आधार हाताला हलका टेकावा. तो आवळून हात जखडला, तर काही मिनिटांत बोटे बधिर होतात. मूठ हाताभोवती पूर्ण वेढा घालणारी नसावी आणि मनगट मोकळे असावे, असा स्पर्धेचा नियमही आहे.

एक उदाहरण मुद्दाम सांगतो. तेरा वर्षांच्या एका मुलीसाठी तिच्या वडिलांनी दुसऱ्या शहरातून मोठ्या मापाच्या मुठीचे उत्तम पिस्तूल आणले होते. पोर वाढती आहे, हात मोठा होईल, हा त्यांचा विचार. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा चालतो, मूठ चालत नाही. तिचे बोट ट्रिगरपर्यंत पोहोचावे म्हणून ती प्रत्येक वेळी मनगट बाहेर वळवत होती, आणि आमच्याकडे लहान मूठ बसवून घेतल्यानंतरही ती सवय मोडायला तिच्या प्रशिक्षकांना एक पूर्ण हंगाम लागला. त्या मुलीचा दोष काहीच नव्हता, आणि म्हणूनच ते पाहताना वाईट वाटत होते.

मुठी साधारणपणे लहान, मध्यम आणि मोठ्या अशा मापांत, तसेच डाव्या आणि उजव्या हाताच्या वेगळ्या मिळतात. मधल्या मापातली मूठ घेऊन ती हातानुसार घडवून घेणे बहुधा जमते. जिथे लाकूड टोचते तिथे पॉलिश पेपरने थोडे थोडे उतरवावे आणि जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पुटी भरावी. हे काम आम्ही दोन-तीन बैठकींत करतो, कारण एका दिवशी काढलेले लाकूड परत लावता येत नाही आणि आठवडाभर सराव केल्याशिवाय खरी अडचण कुठे आहे ते कळत नाही.

वजन, ट्रिगर आणि हवा

नियमानुसार पिस्तुलाचे वजन कमाल १५०० ग्रॅम असू शकते, पण प्रौढांची बहुतेक चांगली पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्याहून हलके, आखूड नळीचे मॉडेल द्यावे. पुढे ताकद आल्यावर वजने जोडता येतात. ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो आणि तो स्पर्धेत वजन टांगून तपासतात. काठावर अडकू नये म्हणून आम्ही तो थोडा जास्तच ठेवून देतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ असतो, पण नवशिक्याला यांत्रिक ट्रिगर पुरेसा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्प्रिंगचे स्वस्त पिस्तूल झटका देते, त्यामुळे स्पर्धेच्या तयारीसाठी ते आम्ही सुचवत नाही. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारे पिस्तूल घ्यावे. त्यात साधारण २०० बार दाबापर्यंत हवा भरतात आणि एका भरण्यात सरावाचे एक सत्र आरामात होते. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी हवा भरावी. ऑक्सिजन कधीही भरू नये, त्याने स्फोट होऊ शकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हातपंपाने हवा भरताना ओलावा आत जातो आणि सील खराब होतात, म्हणून पंपाला फिल्टर लावून घ्यावा. सिलिंडरचे आयुष्य दहा वर्षे धरलेले असते आणि त्यावर तारीख कोरलेली असते. जुने पिस्तूल घेताना आधी ती तारीख पाहावी, मग बिल आणि अनुक्रमांक जुळवावेत. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करावी.

उत्तम यंत्रही बिघडते, हे लक्षात ठेवावे. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर बिघडला आणि तिची मोलाची मिनिटे गेली. पिस्तूल घेताना त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या भागात मिळते का, हे कंपनीच्या नावापेक्षा आधी विचारावे.

कायदा आणि सुरक्षितता

शस्त्र नियम, २०१६ नुसार २० जूलपर्यंत ऊर्जेच्या ४.५ मिलिमीटरच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा साधारण सहा-सात जूल असते. विक्रीच्या वेळी आम्ही ओळख, वय आणि पत्ता यांचे पुरावे घेतो आणि अठरा वर्षांखालील मुलासाठी बिल पालकांच्याच नावे करतो. परवाना नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही. इतक्या ऊर्जेचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. पिस्तूल नेहमी बंद पेटीतून न्यावे, रस्त्यावर किंवा बसमध्ये कोणाला दाखवण्यासाठीही बाहेर काढू नये, घरात कुलपात ठेवावे आणि छर्रे वेगळे ठेवावेत. नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालून ठेवण्याची आणि नेम घेईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना जेवणाचा डबा उघडू देऊ नये.

शेवटी खरेदीच्या वेळेविषयी. पहिले तीन-चार महिने क्लबच्या पिस्तुलावरच सराव करावा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो, यात आमची विक्री पुढे ढकलली जात असली तरी. तेवढ्या काळात मुलाला खेळ खरोखर आवडतो का आणि कोणत्या डोळ्याने, कोणत्या हाताने नेम घेणे त्याला सोयीचे जाते, हे प्रशिक्षकांना कळते. दुकानात येताना नेमबाजाला स्वतःला आणावे, सरावात वापरतो तेच बूट आणि चष्मा आणावा, प्रशिक्षकांना वेळ असेल तर त्यांनाही सोबत आणावे, आणि निदान दोन तास हाताशी ठेवावेत.