थकलेल्या बिलासाठी दाव्याआधीची मध्यस्थी: अर्ज, फी आणि कागदपत्रं

माल पोचला, बिल थकलं, वकिलाची नोटीसही जाऊन आली. तरी थेट कोर्टात जाता येईलच असं नाही. वाद व्यापारी असेल, रक्कम किमान 3 लाख रुपये असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश (निकालाआधीच मिळणारा, उदा. मनाई हुकूम) मागायचा नसेल, तर वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार 20 ऑगस्ट 2022 पासून ही पायरी गाळून लावलेलं वादपत्र, म्हणजे दाव्याचा अर्ज, फेटाळलं जातं. मनाई हुकमाची मागणी उगाच चिकटवून सुटकाही होत नाही. ती खरी आहे का, हे न्यायालय पाहतं.

मालपुरवठा, सेवा करार, बांधकामाचं कंत्राट, भागीदारी करार, केवळ धंद्यासाठी वापरात असलेली जागा हे वाद यात येतात. मित्राला दिलेले हातउसने किंवा वडिलोपार्जित जमिनीची वाटणी येत नाही.

अर्ज नमुना 1 मध्ये करायचा, दावा ज्या हद्दीत लागला असता तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे. फी 1,000 रुपये. दोन्ही बाजूंचे पत्ते, फोन, ईमेल, मागणीची रक्कम आणि वादाचा गोषवारा द्यावा लागतो. गोषवाऱ्याला 5,000 शब्दांची मर्यादा आहे, पण दोन पानांत मावतो तोच नीट वाचला जातो. सोबत खरेदी ऑर्डर, बिलं, सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं, खातेउतारा आणि व्याजाचा हिशेब जोडावा. कंपनी असेल तर अधिकारपत्र हवं.

सगळ्यात जास्त घोळ पत्त्यात होतो. बिलावरचा जुना गाळा लिहिला की प्राधिकरणाने समोरच्याला पाठवलेली नोटीस परत येते. मग अंतिम नोटीस निघते. तिलाही उत्तर नसेल किंवा समोरच्याने नकार दिला, तर मध्यस्थी सुरूच न झाल्याचा अहवाल नमुना 3 मध्ये मिळतो. तो वादपत्राला जोडायचा असतो. ज्यांना पुढे प्रतिवादी करायचं आहे, त्या सगळ्यांची नावं अर्जातच घाला. नंतर घातलेल्या नावावर हरकत ठरलेली.

समोरचा आला तर मध्यस्थीची फी निम्मी-निम्मी भरायची: 3 ते 10 लाखांच्या वादाला एकूण 15,000, 10 ते 50 लाखांना 30,000 रुपये. म्हणजे 8 लाखांच्या बिलाला तुमचे 7,500 आणि अर्जाचे 1,000. मुदत अर्जापासून 3 महिने, दोघांच्या संमतीने आणखी 2. मध्यस्थीत गेलेला काळ दाव्याच्या मुदतीत धरत नाहीत. बैठकीतलं बोलणं गोपनीय राहतं, त्यामुळे खराब मालाची कबुली किंवा रोखीची अडचण मोकळेपणी मांडता येते. मध्यस्थ निकाल देत नाही. ते काम लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या पंचाचं. बैठकीला मात्र रक्कम कमी-जास्त करायचा अधिकार असलेला माणूस पाठवा. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणाऱ्यामुळे तारखा वाया जातात.

जमलं तर नमुना 4 मध्ये सह्या होतात. या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकं बळ असतं, त्यामुळे पैसे चुकवले तर नव्याने दावा न लावता थेट वसुलीची दरखास्त करता येते. म्हणून मसुदा सैल ठेवू नका. ‘6 हप्त्यांत देईन’ एवढंच लिहिलं तर चुकला कधी, यावरच नवा वाद उभा राहतो. प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, बँक खातं, जीएसटी आणि टीडीएस धरून की वगळून, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम कोणत्या व्याजाने देय होईल, हे लिहून घ्या. नाहीच जमलं, तर नमुना 5 चा अहवाल घेऊन दावा लावायचा.