अडतीस टॉर्पेडो संपल्यावर काय?

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ ही मालिका 1995 साली सुरू झाली. तिच्यातलं अवकाशजहाज घरापासून सुमारे 70 हजार प्रकाशवर्षं लांब जाऊन पडतं. सुरुवातीच्याच एका भागात सांगितलं जातं, की आपल्याकडे 38 फोटॉन टॉर्पेडो (शत्रूच्या जहाजावर सोडायची क्षेपणास्त्रं) आहेत आणि संपले तर नवे मिळायची सोय नाही. पुढे मालिका सात हंगाम चालली आणि टॉर्पेडो 38 पेक्षा कितीतरी जास्त उडाले. मोजदाद चाहत्यांनी ठेवली, लेखकांनी नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या आसपासच्या खेड्यातला माणूस असली चूक करणार नाही. तिथे लष्कराचं प्रचंड दारूगोळा भांडार आहे. गोळा कुठल्या तरी कारखान्यात बनतो, इथे येऊन साठतो, इथून सीमेकडे जातो, आणि मुदत संपली की तो नष्ट करायचं कामही उरतंच. त्यात नुसतं साठवणंही जिवावरचं. 31 मे 2016 च्या आगीने ते दाखवलंच. काल्पनिक जहाजांच्या कथांमध्ये तोफांची वर्णनं पानंपानं असतात, कोठाराबद्दल मात्र अवाक्षर नसतं.

यावर चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असं : जहाजावर वस्तू घडवणारं यंत्र आहे, ऊर्जेतून नवे टॉर्पेडो करून घ्यायचे. करा की! पण आइन्स्टाइनच्या सूत्राने (E = mc²) 1 किलो वस्तूसाठी साधारण 2,500 कोटी युनिट वीज लागते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. ते पूर्ण क्षमतेने, एक दिवसही बंद न पडता, जवळजवळ वर्षभर चालवलं तर एवढी वीज तयार होईल. म्हणजे टॉर्पेडोचं नुसतं झाकण झालं. आता बोला, राजेहो!

टॉर्पेडोच्या पोटातलं स्फोटक म्हणजे प्रतिद्रव्य (अँटिमॅटर), नेहमीच्या द्रव्याचं उलट विद्युतभाराचं रूप. ते तर आणखी अवघड. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटले की दोघांचंही पूर्ण ऊर्जेत रूपांतर होतं, म्हणून ते लेखकांचं लाडकं. पण माणसाने प्रयोगशाळांत आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य एकत्र केलं तरी ग्रॅमचा कोट्यंश भागही भरत नाही. शिवाय ते भांड्याच्या भिंतीला टेकवता येत नाही, चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरावं लागतं. लढाईत वीज गेली, तर शत्रूची गरजच नाही.

मग लेझर? त्याला गोळा लागत नाही, हे खरं. पण लेझरला दिलेल्या ऊर्जेचा मोठा भाग जहाजातच उष्णता होऊन राहतो. मे महिन्यात आपण कूलर लावतो. अवकाशात हवाच नाही, त्यामुळे वारा नाही आणि उष्णता वाहून न्यायलाही कुणी नाही. ती फक्त प्रारणाने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात, हळूहळू बाहेर जाते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला त्यासाठीच मोठमोठी पंखांसारखी पसरलेली पॅनेल लावली आहेत. चित्रपटांतल्या युद्धनौकांवर ती क्वचितच दिसतात.

खरीखुरी तोफ अवकाशात एकदा नेली गेली आहे. सोव्हिएत संघाच्या सल्यूत-3 स्थानकावर ती होती आणि 1975 मध्ये, स्थानकावर माणूस नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन चालवली गेली. गोळी पुढे गेली की स्थानक मागे ढकललं जाणार. म्हणजे गोळीबारानंतर जागेवर यायलाही इंधन खर्चायचं.

मला स्वतःला सगळ्यात पटणारं शस्त्र म्हणजे दगड. सेकंदाला 3 किलोमीटर वेगाने येणाऱ्या 1 किलो दगडात जवळपास 1 किलो टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा असते. वेग 20 किलोमीटर झाला, तर ती 48 किलोच्या आसपास जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बघा : काळ्या पाषाणात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा, आणि वरून पडलेल्या त्या अशनीत बारूद काहीच नव्हती. लघुग्रहांच्या पट्ट्यात असा माल फुकट पडलेला आहे, पुन्हा भरून घ्यायला घरी जायला नको.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, तो वेग दगडाला द्यायला तेवढीच ऊर्जा जहाजानेच घालावी लागते. दुसरी, सेकंदाला 20 किलोमीटरच्या वेगानेही चंद्राएवढं अंतर कापायला पाच तासांहून जास्त लागतात. तेवढ्यात शत्रूचं जहाज थोडंसं बाजूला सरकलं की नेम चुकला. त्यामुळे जहाजांच्या लढाईत दगड फारसा कामाचा नाही. ग्रहावरच्या तळावर मात्र तो चालेल, कारण ग्रहाची कक्षा ठरलेली असते आणि तळाला पळता येत नाही.