चाळीस हजारांचा आकडा आला कुठून?

सोलापुरातल्या एका निदान केंद्रात सीटी स्कॅनचे फोटो साठवणारा सर्व्हर आहे. आठ हार्ड डिस्क आणि त्यांना एकत्र जोडून त्यांचा कारभार बघणारं एक रेड (RAID) कार्ड. महिन्यातून एखादा दिवस असा यायचा, की स्कॅन पाच मिनिटांत उरकायचा, पण फोटो साठेपर्यंत पुढचा रुग्ण बाहेर ताटकळायचा. खरेदीच्या वेळच्या चाचणीचा कागद जपून ठेवलेला होता. त्यावर लिहिलं होतं : सेकंदाला ४०,००० लेखनं. तो आकडा वाचला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

हा हिशोब तोंडी होतो. मिनिटाला ७,२०० फेरे मारणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी साधारण ८ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली कामं सेकंदाला जेमतेम ८०. आठ डिस्क मिळून ६४०. मग ४०,००० आले कुठून?

कार्डावरच्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या मेमरीतून. कार्डाला स्वतःचा प्रोसेसर असतो आणि एक-दोन जीबीची मेमरी. माहिती त्या मेमरीत आली की कार्ड ‘लिहून झालं’ असं कळवून मोकळं होतं, डिस्कवर मागाहून सवडीने उतरवतं. चाचणीची फाइल होती ५०० एमबीची. ती कॅशमध्येच मावली. मोजणी झाली ती मेमरीची, डिस्कची नव्हेच.

या आठ डिस्क रेड ५ पद्धतीने जोडलेल्या होत्या. (बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८मध्ये ‘रेड’ हे नाव रूढ केलं.) सोलापूरकरांना ही पद्धत जकार्ड मागावरून चटकन कळेल. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची तीन कार्डं एकावर एक ठेवा. ज्या जागी भोकांची संख्या विषम, तिथे चौथ्या कार्डावर भोक पाडा. आता चारांतलं कुठलंही एक कार्ड फाटलं, तरी उरलेल्या तिघांवरून ते जसंच्या तसं पुन्हा पाडता येतं. चौथं कार्ड म्हणजे पॅरिटी.

या सुरक्षिततेची किंमत लिहिताना मोजावी लागते. लहानसा बदल करायचा, तर जुनी माहिती वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. एका लेखनाला चार कामं. ६४० चे उरले १६०. रेड ६मध्ये पॅरिटी दोन, म्हणून सहा कामं, म्हणजे शंभराच्या थोडं वर. कॅश इथे खरंच उपकार करते. सीटीचा एक काप बहुधा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, अर्ध्या एमबीचा असतो; हजार कापांचे ५०० एमबी होतात. कार्ड हे तुकडे कॅशमध्ये गोळा करून सगळ्या डिस्कवर सलग पट्टा लिहितं, मग जुनं वाचायची गरजच उरत नाही.

पण वीज गेली तर कॅशमधलं जाईल, म्हणून कार्डाला बॅटरी असते. ठरावीक दिवसांनी कार्ड ती पूर्ण उतरवून पुन्हा भरतं, तिची ताकद तपासतं, आणि तेवढे तास लेखन थेट डिस्कवर करतं. नोंदी उघडल्या, रखडण्याच्या तारखा याच तपासणीच्या होत्या. इथल्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते, हेही लक्षात ठेवायला हवं. नव्या कार्डांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडा वेळ वीज पुरवणारा साठा) आणि वीज गेली तरी माहिती टिकवणारी फ्लॅश मेमरी असते. आम्ही तपासणीची वेळ रविवारच्या मध्यरात्रीवर नेली.

मग चाचणी नव्याने केली. येन्स अ‍ॅक्सबो यांनी लिहिलेलं एफआयओ हे डिस्कचा वेग मोजणारं मोफत साधन घेतलं. फाइल घेतली ती सर्व्हरच्या मेमरीच्या कित्येक पट मोठी, वेळ दोन मिनिटांऐवजी तासभर. सरासरीपेक्षा मी शंभरातल्या सर्वांत हळू कामाकडे बघतो, कारण रुग्ण ताटकळतो तो त्याच्यामुळे. तेच पुन्हा कॅशचं लेखन बंद ठेवून केलं.

शेवटी, सगळ्या फोटोंची प्रत दुसरीकडे काढून घेतल्यावर, शनिवारी रात्री एक डिस्क उपसली आणि नवी बसवली. गेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक तुकडा उरलेल्या सातही डिस्क वाचूनच मिळतो. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने भरली, तरी जवळजवळ १५ तास लागतात, तेही दुसरं काही काम नसेल तर. इथे तातडीचे स्कॅन चालूच होते. सोमवारी सकाळी पहिला रुग्ण टेबलावर झोपला, तेव्हाही डिस्क भरतच होती. त्या वेळी घेतलेले आकडे आता जुन्या कागदाच्या जागी लावले आहेत.