अपडाऊन (नाशिक रोड–मुंबई)

रोज रेल्वेने मुंबई, ठाणे किंवा कल्याणला नोकरीला जाऊन रात्री घरी परतण्याला नाशिककर ‘अपडाऊन’ म्हणतात, आणि ते करणाऱ्यांना ‘अपडाऊनवाले’. नाशिक रोड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 188 किलोमीटर आहे. मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते. इगतपुरी, देवळाली, नाशिक रोड ही स्थानके उपनगरी सेवेच्या बाहेर राहिली. त्यामुळे ‘ही गेली तर मागची पकडू’ ही मुंबईकराची सोय इथे नाही. सकाळची गाडी चुकली की त्या दिवसाची हजेरी गेली. मुंबईत गर्दी वाढली की फेऱ्या वाढवण्याचा विचार होतो. नाशिकला आहे त्याच गाडीतली जागा वाटून घ्यावी लागते, आणि हे वाटप रेल्वेपेक्षा प्रवासीच जास्त करतात.

लोकल नाशिकपर्यंत का येत नाही, याचे उत्तर बरेचसे थळ घाटात आहे. 1865 मध्ये खुल्या झालेल्या या कसारा–इगतपुरी मार्गाचा चढ 37 मीटरला 1 मीटर इतका खडा आहे. वर येणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. नाशिक लोकलची मागणी जुनी आहे आणि दर निवडणुकीत ती नव्याने ऐकू येते.

अपडाऊनचा कणा म्हणजे पंचवटी एक्सप्रेस. 1 नोव्हेंबर 1975 रोजी सुरू झालेली ही गाडी मनमाडहून पहाटे निघते, सातच्या सुमारास नाशिक रोडला येते आणि कचेऱ्या उघडण्याच्या बेताला मुंबई गाठते. परतताना नाशिक रोडला उतरेपर्यंत रात्रीचे साडेनऊ होऊन जातात. गाडी मनमाडची असल्याने मनमाड, लासलगाव, निफाडचे लोक आधी बसलेले असतात. नाशिकची गर्दी सर्वांत मोठी, पण चढायची पाळी नंतरची. फलाटावरचा जुना पासधारक म्हणूनच गाडीकडे बघत नाही, आपल्या डब्याचे दार जिथे लागते तिथल्या खांबाशी उभा असतो. नवखा मात्र डबा शोधत गाडीबरोबर पळतो, आणि दारातली चेंगराचेंगरी बहुधा अशा नवख्यांमुळेच होते.

मासिक पास असलेल्यांसाठी काही डबे राखून ठेवणे, हा रेल्वेच्या बाजूने झालेला मुख्य उपाय. डब्याच्या आतली व्यवस्था मात्र अलिखित आहे: कोणी कुठे बसायचे, देवळालीला चढणाऱ्यासाठी किती सरकायचे, कोणत्या स्थानकापासून उभ्याला बसू द्यायचे. दसऱ्याला डब्याची पूजा होते, हार-तोरणे लागतात. पंचवटीतल्या एका पासधारक डब्याने ही शिस्त पुढे नेली. पत्ते नाहीत, मोठ्याने बोलणे नाही, कचरा नाही असे नियम प्रवाशांनीच स्वतःला घालून घेतले. हा ‘आदर्श डबा’ म्हणून ओळखला गेला आणि त्याची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्येही झाली.

याच शिस्तीची दुसरी बाजू म्हणजे रुमाल. बाकावर रुमाल, पिशवी किंवा वर्तमानपत्र ठेवून अजून न आलेल्या मित्राची जागा धरतात, आणि साधे तिकीट काढून आलेल्या म्हाताऱ्या माणसालाही ‘इथे आहे कोणीतरी’ असे सांगतात. कायद्यात रुमालाला काही स्थान नाही. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 155 नुसार राखीव जागेत घुसून, सांगूनही न उठणाऱ्याला 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; पण आपल्यासाठी राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्याला येण्यापासून अडवणाऱ्यालाही 200 रुपयांपर्यंत दंड आहे. हे दुसरे पोटकलम डब्यात कोणी काढत नाही.

गाडी कुठून सुटते, यावरही गर्दी ठरते. मनमाडहून सुटणारी राज्यराणी एक्सप्रेस नाशिककरांना बरीचशी रिकामी मिळे. 2020 मध्ये ती नांदेडपर्यंत नेली. मराठवाड्याची सोय झाली, ते रास्तच होते. पण रात्रभर भरत आलेल्या गाडीत सकाळी नाशिककराने शिरायचे कुठे, हा प्रश्न उरला. डबे तेवढेच असले तरी गाडीचा पहिला थांबा मागे सरकला की नाशिकच्या वाट्याची जागा कमी होते.

ज्यांना गाडीची वेळ जमत नाही ते नाशिकच्या द्वारका चौकातून शेअर टॅक्सीने कसारा गाठतात आणि तिथून लोकल धरतात. कसाऱ्याला लोकल रिकामी सुटते, म्हणून खिडकी हमखास मिळते. वेळ आणि पैसा मात्र दोन्ही जास्त जातात.

संध्याकाळची गर्दी सकाळपेक्षा सुसह्य असते. कल्याण गेले की बोलणी थांबतात, बूट निघतात, माना कलतात. कसाऱ्याला मागून बँकर लागल्याचा हलका धक्का बसतो. नवखे खिडकीतून बाहेर बघतात. अपडाऊनवाला डोळे न उघडताच घरी फोन लावून सांगतो, ‘कसारा आलं, भात टाक.’